मालतीमाधवातल्या नद्या आणि माझा भूगोल: पीएचडीचा विषय कसा बांधायचा?

सिंधकाठची
नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. भूगोलात एमए केलंय. नद्यांची भूरूपं हा माझा जिव्हाळ्याचा भाग. आता पीएचडीला नाव घातलंय, कोर्सवर्क संपत आलंय आणि जुलैअखेर आरडीसीपुढे (विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे) सिनॉप्सिस, म्हणजे कामाचा आराखडा, मांडायचा आहे.

माझे आजोबा, अण्णा, शाळेत संस्कृत शिकवायचे. ते गेल्यावर त्यांची पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच. गेल्या दिवाळीत आवराआवर करताना भवभूतीच्या 'मालतीमाधव' या संस्कृत नाटकाची, रा. गो. भांडारकरांनी संपादलेली जुनी प्रत हाती आली. नवव्या अंकाच्या समासात आजोबांनी पेन्सिलीनं चार नावं लिहिली आहेत: सिंधु, पारा, लवणा, मधुमती. प्रत्येकीपुढे बाण काढून आजची नावं: सिंध, पार्वती, नोन, महुअर. यांतल्या दोन नद्यांवर मी एमएला असताना फील्डवर्क केलेलं आहे! भवभूतीनं त्यांच्याबद्दल लिहिलंय हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी माळ्यावर बसून कळलं. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उत्साहात शीर्षक लिहून काढलं: 'संस्कृत साहित्यातील नद्या आणि पर्यावरण : एक भौगोलिक अभ्यास'. गाइडनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "यात प्रश्न कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

तर तुम्हाला विचारते. एक आवड काव्यात आहे, दुसरी नदीच्या पात्रात. दोन्ही सोडायच्या नाहीत. त्यातून एक विषय कसा काढायचा?

घंटाघर
आधी पवायाला जाऊन ये. डबऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे मिळेल ते वाहन. मग बोलू.

निवृत्त_मास्तर
मी इंदूरचा. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, बऱ्याच मुलांचे सिनॉप्सिस वाचले. तुझ्या गाइडनी योग्य तेच विचारलं आहे.

शीर्षकातल्या 'आणि'कडे बघ. 'अमुक आणि तमुक' असं लिहिलं की आपल्याला वाटतं विषय झाला. प्रत्यक्षात दोन गोष्टी शेजारी बसवल्या, एवढंच होतं. त्यांचं आपसात काही बोलणं व्हायला हवं. बोलणं केव्हा होतं? एका बाजूला अडलेलं असतं आणि ते सोडवायला दुसऱ्या बाजूचं ज्ञान लागतं, तेव्हा.

तुझ्याच नद्यांमधलं उदाहरण देतो. मालतीमाधव घडतं ते पद्मावती नगरीत. ही नगरी कुठली, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा प्रश्न. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं याच चार नद्यांची नावं हाताशी धरली आणि पद्मावती म्हणजे नरवर असं ठरवलं. नरवरही सिंधेच्याच काठी, त्यामुळे म्हणणं पटण्याजोगं होतं. पुढे ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. बा. गर्दे यांनी प्रत्यक्ष जागा पाहिल्या, सिंध आणि पार्वतीचा संगम पाहिला, आणि पद्मावती म्हणजे पवाया हे १९१५-१६च्या पुरातत्त्व अहवालात मांडलं. पुढे तिथे उत्खननंही केली. आज सगळे पवायाच मानतात.

चार नावं तीच, ओळी त्याच. दोन माणसं दोन ठिकाणी पोचली. ओळ वाचायला पुरत नव्हती, नदी वाचावी लागली. तुझ्या कामाची जात ही आहे. पण गर्द्यांनी सोडवलेला प्रश्न तू पुन्हा सोडवू नकोस. त्यांनी न विचारलेला शोध.

कंपूवाला
ताई, राग मानू नका. नेट तुम्ही भूगोलात दिली असणार. उद्या सहायक प्राध्यापकाची जाहिरात येईल, तेव्हा निवड समिती प्रबंधाचं शीर्षक वाचून विचारेल की हा भूगोल की संस्कृत? माझ्या चुलतभावाचं असंच झालं. इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या मधोमध काम केलं, दोन्हीकडचे म्हणाले तू त्यांचा. सहा वर्षं तदर्थ नोकरीत काढली त्यानं. आवड जपावी, पण पोटाचं आधी बघावं.

सिंधकाठची
@कंपूवाला, राग कसला, हीच भीती मला आहे. घरी बाबाही हेच म्हणतात.

@मास्तर, 'आणि' खोडला. आता शीर्षकच उरलेलं नाही.

गोठीतली_सून
अगं शीर्षक नाही म्हणून रडू नकोस, नाव बारशाला ठेवतात. आधी बाळ होऊ दे. 🙂

विश्वामित्री
बडोद्याहून लिहितेय. मी यातून गेले आहे म्हणून जरा सविस्तर.

माझं शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं. आईकडून संस्कृतची गोडी. माझं पहिलं शीर्षक होतं 'प्राचीन भारतातील आहार'. वैदिक काळापासून सगळं घेतलं होतं त्यात! आठ महिने नुसत्या टिपणवह्या भरल्या. प्रत्येक ग्रंथात काही ना काही खाणं असतंच, त्यामुळे माल भरपूर जमत होता आणि काम पुढे सरकत नव्हतं.

मग प्राच्यविद्या मंदिरात बसायला लागले. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 'मानसोल्लास' तीन भागांत छापलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्यातला अन्नभोग नावाचा भाग वाचताना मी 'इडरिका'पाशी थबकले. उडदाच्या पिठाची आहे ती, तांदूळ नाही त्यात. संस्कृत शिकलेला माणूस तिथे 'इडलीची पूर्वज' म्हणून टीप देईल आणि पुढे जाईल. मी जाऊ शकले नाही, कारण माझ्या डोक्यात लगेच आलं की तांदूळ नसेल तर पीठ आंबताना काय होईल? फुगेल का? पोत कसा येईल? हा प्रश्न मला पडला तो प्रयोगशाळेत काढलेल्या वर्षांमुळे, आणि ग्रंथ उघडला नसता तर पडलाही नसता.

त्या दिवशी सहाशे पानांच्या टिपणवह्या बाजूला ठेवल्या. एक अध्याय घेतला, त्यातले पिठाचे पदार्थ घेतले. बाकी सगळं प्रस्तावनेत चार पानांत आलं.

तेव्हा माझा सल्ला एवढाच: नववा अंक पुन्हा वाच, पण या वेळी भूगोलवाली म्हणून. जिथे तू थबकशील आणि आजोबा थबकले नसतील, ती ओळ आम्हाला येऊन सांग.

घंटाघर
विश्वामित्रीताई, प्रतिसाद आवडला. पण रात्री अकराला इडली आठवली आता, त्याचं काय करायचं?

विश्वामित्री
उडीद भिजत घाला. तांदूळ न घालता. निकाल कळवा. :)

पाणीपातळी
मी ३१ वर्षं सिंचन खात्यात काढली, त्यातली बरीचशी सिंध खोऱ्यात. मला या धाग्यावर थोडं थंड पाणी ओतायचं आहे. कन्येनं वाईट वाटून घेऊ नये.

काव्य हा मापनाचा दाखला नाही. कवी 'विशाल' म्हणाला म्हणून नदी रुंद होती असं मला कुठल्याही अहवालात लिहिता येणार नाही. दुसरं, आजची सिंध ही भवभूतीची सिंध नाही. लटेरीकडच्या पठारावरून निघून यमुनेला मिळेपर्यंत साधारण ४७० किलोमीटरचा प्रवास. वर शिवपुरी जिल्ह्यात मडीखेड्याचं धरण आहे. पार्वतीवर हरसीचं धरण आहे, ते तर संस्थानी काळातलं. उन्हाळ्यात पात्रात किती पाणी दिसावं हे आता ढग ठरवत नाहीत, दरवाजे ठरवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये याच सिंधेनं दतिया जिल्ह्यात रतनगढचा पूल वाहून नेला. त्या आठवड्यात नदी पाहिलेला माणूस तिला एक म्हणेल आणि मे महिन्यात पाहिलेला दुसरंच म्हणेल. मग भवभूतीनं पाहिली ती कोणत्या महिन्यातली? त्यानं पाहिली तरी होती का? प्रस्तावनेत तो स्वतःला विदर्भातल्या पद्मपुरचा सांगतो.

तेव्हा 'तेव्हाची नदी आणि आजची नदी' अशी तुलना करू नका. ती टिकणार नाही.

अन्वय
पाणीपातळीकाकांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण उलट्या बाजूनं. (मी उज्जैनला संस्कृत शिकवतो.)

काका म्हणतात काव्य विज्ञानाला पुरत नाही. मला भीती वाटते ती विज्ञान काव्याला फार लवकर कामाला जुंपतं याची. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त कविसमयांची चर्चा केली आहे. जगात जे नसतं तेही कवी संकेतानं बांधतात, असं तो सांगतो, आणि त्याचं उदाहरणच नद्यांचं आहे: वाहत्या नदीत कमळं, आणि कुठल्याही जलाशयात हंस. आता एखादी अभ्यासक 'नदीत कमळं आहेत, म्हणजे प्रवाह संथ होता' असा निष्कर्ष काढेल तर राजशेखर हजार वर्षांपूर्वीच तिला थांबवून गेला आहे. (विश्वामित्रीताई, हा ग्रंथ म्हणजे तुमच्याच बडोद्याच्या ग्रंथमालेचं पहिलं पुष्प, १९१६.)

पण महिन्याबद्दल काकांनी विचारलं, त्याचं उत्तर नाटकातच आहे. नववा अंक पावसाळ्यातला आहे. नायक माधव विरहात रानोमाळ भटकतोय आणि ढगाला निरोप्या करून त्याच्याशी बोलतोय, मंदाक्रांता वृत्तात, कालिदासाला मनात धरून. लवणेचं वर्णन करताना तर कवी 'अभ्रागमे' असा शब्दच घालतो. ढग आले की तिच्या काठी कोवळं गवत वाढतं, गाभण गाई ते आवडीनं खातात, गावकरी आनंदतात. हा काही ठरलेला कविसंकेत नव्हे. गाभण गाय आणि उलप नावाचं गवत इतकं नेमकं लिहिणारा कवी काहीतरी पाहून लिहितो, असं मला तरी वाटतं.

निवृत्त_मास्तर
वा, अन्वय! मग याच्या शेजारी मेघदूतातली सिंधू ठेवून बघा. तिचं पाणी वेणीसारखं बारीक झालंय, काठच्या झाडांची पिकली पानं पडून ती फिकट दिसतेय, आणि हे सगळं उन्हाळ्याचं देणं. बहुतेक अभ्यासक तिला आमच्या माळव्यातली काळीसिंध मानतात, म्हणजे नदी वेगळी. पण ऋतू बघा. कालिदासाचा यक्ष पावसाच्या तोंडावर बोलतो म्हणून नदी कृश, भवभूतीची योगिनी सौदामिनी पावसात येते म्हणून नदी 'विशाल'. नावं सारखी, ऋतू वेगळे. ऋतू न बघता दोन कवींची तुलना करणारे लेख मी स्वतः तपासले आहेत.

पाणीपातळी
हे मला ठाऊक नव्हतं. महिना सांगणारा कवी असेल तर मी एक खुर्ची पुढे सरकून बसतो.

तानपुरा
मधेच डोकावतो. पवायाचं नाव निघालं आणि गुजरीमहाल संग्रहालयातल्या त्या कोरीव तोरणपट्टीचा विषय नाही निघाला, हे कसं चालेल? मधे नाचणारी, भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. धनुष्यासारखी वाकलेली वीणा आहे त्यात, जी आज आपल्याकडे कोणी वाजवत नाही. गुप्तकाळातली समजतात. आमच्या ग्वाल्हेर घराण्याची गोष्ट आपण तानसेन आणि हस्सू-हद्दूखाँपासून सांगतो, पण या मातीत बायकांचा अख्खा वाद्यवृंद दगडात कोरला गेला त्याला दीड हजार वर्षं झाली. लहानपणी शाळेची सहल गेली होती, तेव्हापासून ती वीणा डोक्यातून गेलेली नाही. कुणी संगीतातला मुलगा नाट्यशास्त्रातला वाद्याध्याय आणि ही पट्टी घेऊन बसेल तर मी त्याला घरी जेवायला बोलावीन.

शून्य_२७०
तानपुरा, माझंही असंच आहे. मी गणित शिकवतो. आयडीचं कारण: किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिराच्या शिलालेखात (इ.स. ८७६) फुलबागेची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात दिली आहे, आणि रोजच्या ५० माळा. त्या २७० आणि ५० मधलं ते वाटोळं शून्य बघायला जगभरातून लोक येतात. आपण ग्वाल्हेरकर मात्र जाता-येता तिथून पुढे निघून जातो.

आता धाग्याशी संबंधित. माझ्या मुलीला गणितात संशोधन करायचं आहे आणि तिला वृत्तांचं वेड आहे. तिला काय सुचवावं?

अन्वय
@शून्य_२७०, मात्रावृत्तं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. अमुक मात्रांच्या ओळी किती प्रकारे रचता येतील? एक मात्रेची १, दोनच्या २, तीनच्या ३, चारच्या ५, पाचच्या ८. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. हेमचंद्रानं बाराव्या शतकात गुजरातेत हा नियम सांगितला, फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. हे सगळं प्रसिद्ध आहे, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. मुलीला विचारा की या मोजणीतलं तिला स्वतःला काय खटकतं. कवी सगळे प्रकार वापरत नाहीत, काहीच वापरतात. का? तिथून तिचं काही निघेल.

गोठीतली_सून
पद्मावतीचा विषय आहे तर हर्षचरितातली ती मैना कशी विसरलात सगळे? नागसेन राजाचा गुप्त खल पाळलेल्या सारिकेनं फोडला आणि राजाचा पद्मावतीत नाश झाला! बाणभट्टानं एका ओळीत सांगितलंय. पक्षिशास्त्रवाल्यांनी यावर प्रबंध करावा: 'मैनेसमोर काय बोलू नये'. सासूबाईंच्या खोलीत पोपट आहे, म्हणून मी स्वयंपाकघरातच बोलते.

घंटाघर
😂😂

कंपूवाला
हसू आलं. पण माझा प्रश्न तसाच आहे.

विश्वामित्री
@कंपूवाला, प्रश्न खरा आहे, टाळू नये. मी केलं ते सांगते. प्रबंधाचा कणा एकाच विषयाचा ठेवला. पद्धत, मोजमापं, निष्कर्ष हे सगळं अन्नतंत्रज्ञानाचं. ग्रंथानं प्रश्न दिला आणि मर्यादा दिल्या. त्यामुळे कोणत्या विभागाचं हे, असं मला मुलाखतीत कुणी विचारलं नाही. संस्कृतच्या बाजूनं चूक होऊ नये म्हणून तिकडच्या बाईंना सहमार्गदर्शक घेतलं. दोन विषयांत अर्धा-अर्धा पाय ठेवला की पाय घसरतो. एकात उभं राहून दुसऱ्याकडे हात लांब करायचा.

आणि हो, शोधगंगेवर आधी शोध घे. झालेले प्रबंध तिथे दिसतात, आणि शोधगंगोत्रीवर चालू कामांचे सिनॉप्सिस. माझ्या विषयाच्या नावाचे चार प्रबंध निघाले होते. वाचले तेव्हा कळलं की माझा प्रश्न त्यांत कुणी विचारलेला नाही.

सिंधकाठची
दोन आठवडे आले नाही, माफ करा. नववा अंक सात वेळा वाचला. आता थबकलेली जागा सांगते.

सौदामिनी योगबळानं आकाशातून येते. खाली पद्मावती दिसते. सिंधु आणि पारा या दोघींनी नगरीला कंबरपट्ट्यासारखा वेढा घातलाय. कवी म्हणतो, उंच वाडे, देवळं, गोपुरं यांच्यावर आपटून आकाश फाटलं आणि तेच खाली पडून नद्यांच्या रूपानं नगरीभोवती राहिलंय. मी उपग्रह प्रतिमेत पवाया काढून शेजारी ठेवलं. संगमाच्या कोनात गाव, दोन्ही बाजूंना पाणी. वरून पाहणाऱ्यालाच सुचेल अशी ओळ, आणि भवभूतीनं ती वरून पाहणाऱ्या पात्राच्याच तोंडी घातली! मी कॉम्प्युटरसमोर एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण थबकले ती पुढे. तिथे सिंधूचा 'दारितरसातल' असा 'तटप्रपात' आहे. रसातळापर्यंत जमीन फोडणारा. त्याचा आवाज नव्या मेघाच्या गडगडाटासारखा, आणि आजूबाजूच्या डोंगरांच्या कपारींत घुमून तो गणेशाच्या कंठातल्या गर्जनेसारखा होतो. भाषांतरांमध्ये सरळ 'धबधबा' आहे. मला मात्र 'तट' या शब्दानं अडवलं. आम्ही नदीकाठ कोसळण्यावर अख्खा पेपर शिकतो. तट-प्रपात म्हणजे पाण्याचं पडणं की काठाचं पडणं? आणि 'जमीन फोडली' हे धबधब्याखालच्या डोहाबद्दल आहे की आणखी कशाबद्दल?

आजोबांनी या शब्दाखाली काही लिहिलेलं नाही.

निवृत्त_मास्तर
हा बघ. हा तुझा.

अन्वय
सुंदर! समासाचा विग्रह दोन्ही तऱ्हांनी होतो हे मान्य. 'प्रपात' म्हणजे पडणं, तसंच पाणी जिथून कोसळतं तो कडाही. पण आवाजाकडे लक्ष द्या. 'एष' म्हणून तो आत्ता ऐकू येतोय असं सांगितलंय, आणि तो कपारींमध्ये वाढत जातो. आवाज चालू राहणारा आहे. मी धबधब्याकडेच झुकतो. मात्र छापील पाठावर विसंबू नका. जगद्धराची टीका बघा, मायकेल कुल्सनची १९८९ची चिकित्सक आवृत्ती बघा, पाठभेद तपासा. एका शब्दावर प्रबंध उभा करायचा तर तो शब्द आधी पक्का हवा.

पाणीपातळी
काठ कोसळतानाही मोठा आवाज होतो, मी रात्री छावणीत झोपलेलो असताना ऐकला आहे. पण तो एकदा होतो आणि थांबतो. प्राध्यापकसाहेबांचा मुद्दा बरोबर.

पवायाजवळ धूमेश्वर महादेवाच्या देवळापाशी सिंध खडकावरून पडते. आम्ही तिथे मोजणीला गेलो होतो. आता कन्येसाठी माझ्या बाजूचे प्रश्न. नदीच्या तळाचा उतार तिथे एकदम का तुटतो? खडक बदलतो म्हणून, की खालची पातळी खचली म्हणून? तुटीच्या वरच्या आणि खालच्या पात्रात जुने काठ पायऱ्यांसारखे शिल्लक आहेत का? पुराचा गाळ कुठवर चढलेला दिसतो? हे सगळं मोजता येतं, आणि मोजताना भवभूतीला साक्षीला बोलवावं लागत नाही. मोजून झाल्यावर मग त्याची ओळ वाचा. जुळली तर ठीक, न जुळली तरी ठीक. धरणाची अडचणही यात कमी होते, कारण धरणानं पाणी बदललं तरी खडक तोच आहे.

आधी मी म्हणालो होतो तुलना टिकणार नाही. पाण्याची टिकणार नाही. खडकाची टिकू शकेल.

तानपुरा
काका, 'खडकाची टिकू शकेल' याला दाद!

कंपूवाला
असं असेल तर हा सरळ भूगोलाचाच प्रबंध आहे. माझी हरकत मागे. ताई, करा.

सिंधकाठची
परवा जाऊन आले. घंटाघर, पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, उशीर झाला. सोबत बाबा आले होते. आधी 'उन्हात कशाला' म्हणत होते, डबऱ्याला उतरल्यावर मात्र रिक्षावाल्याशी त्यांनीच भाव केला.

जूनचा पहिला आठवडा, पाऊस नाही. सिंध बारीक झालेली, खडकांमधून चार-पाच धारा. मास्तर, नदी तुमच्या कालिदासाची नव्हे, पण वेणी मात्र तशीच दिसली. खडकाला जागोजाग गोल खळगे पडलेत, काही माझ्या खांद्याइतके खोल, तळाशी वाटोळे गोटे. पुराच्या पाण्यात गोटे गरगर फिरून असे खळगे पडतात, हे मी तीन वर्षं पुस्तकात वाचतेय. 'दारितरसातल' तिथे उभं राहून म्हटलं. बाबांनी विचारलं, म्हणजे काय? मी खळग्याकडे बोट केलं. ते बराच वेळ काठाशी बसून आत बघत राहिले. मग म्हणाले, "अण्णांना इथे कुणी कधी आणलं नाही."

येताना गुजरीमहालात गेलो. तानपुरा, ती वीणा पाहिली. पवायाच्या माणिभद्र यक्षासमोरही थांबलो.

आता शीर्षक, अजून कच्चं: 'पवाया परिसरातील सिंध नदीच्या पात्रातील प्रपात : भूरूपशास्त्रीय अभ्यास, मालतीमाधवातील वर्णनाच्या संदर्भात'. पहिली तीन प्रकरणं पूर्ण भूगोल. लांबीच्या दिशेनं नदीचा छेद, खडक, खळग्यांची मोजणी, पूरगाळ. चौथ्यात नवव्या अंकातली नद्यांची वर्णनं, ऋतू आणि कविसमय वेगळे काढून. पाचव्यात दोन्ही समोरासमोर. मधुमती-संगमावरचं सुवर्णबिंदू हे शिवस्थान कुठलं आणि ज्या यात्रेत हे नाटक झालं ती कालप्रियनाथाची यात्रा कुठली, हे दोन्ही वाद मी बाहेर ठेवलेत. मोह होतोय, पण ठेवलेत.

अन्वय
चौथं प्रकरण लिहिताना कळवा. कालप्रियनाथ बाहेर ठेवलात हे फार बरं केलंत. त्यात शिरलेली माणसं चार-चार वर्षं बाहेर येत नाहीत. आणि 'च्या संदर्भात' हा शब्दप्रयोग आरडीसीत विचारला जाईल, त्याचं एका वाक्यात उत्तर तयार ठेवा.

सिंधकाठची
तयार आहे: एका आठव्या शतकातल्या वर्णनानं 'तट' आणि 'प्रपात' हे शब्द जिथे एकत्र वापरले, तिथल्या खडकात आज काय दिसतं, हे मला मोजायचं आहे.

विश्वामित्री
पाठ करून ठेव. असंच बोल.

गोठीतली_सून
बारसं झालं! आता पेढे कुठे? बाड्यावर भेटूया का सगळे, ग्वाल्हेरवाले?

निवृत्त_मास्तर
भवभूतीनं याच नाटकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की माझा समानधर्मा कुणीतरी कधीतरी जन्माला येईल, काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल. तुझ्या अण्णांनी ती ओळ वर्गात शिकवली असणारच. त्यांच्या प्रतीत त्या ओळीपाशी काही खूण आहे का बघ बरं.

सिंधकाठची
आहे. दोन रेघा, आणि बाजूला माझ्या जन्माच्या आधीची तारीख. कशाची ते बाबांनाही आठवत नाही.

पाणीपातळी
ऑगस्टमध्ये पुन्हा जायला लागेल, आवाज ऐकायला. त्याशिवाय चौथं प्रकरण लिहू नका. जाण्याआधी मडीखेड्याचे दरवाजे उघडलेत का याची खात्री करा, खडकावर उतरू नका, काठापासून लांब उभ्या राहा. तारीख ठरली की मला कळवा. गुडघे साथ देत असतील तर मीही येईन.